स्वच्छ डाळीवर मोजलेला वेळ

प्रश्न थोडक्यात असा. लातूरच्या एका डाळमिलसाठी चार-पाच जणांची टीम कलर सॉर्टर बनवतेय, खराब दाणा हेरून हवेच्या फटक्यानं बाजूला उडवणारं, मिलवाले ज्याला सरसकट ‘सॉर्टेक्स’ म्हणतात ते यंत्र. कॅमेऱ्याचं चित्र वेगळी चिप बघते. हवेच्या ६४ नोझलपैकी कुठली कधी उडवायची, हे एसटीएम३२एफ४०७ हा मायक्रोकंट्रोलर (छोटा संगणक असलेली चिप) ठरवतो, दर मिलिसेकंदाला एकदा. हे काम दहा लाख वेळा चालवून मोजलं तेव्हा जास्तीत जास्त वेळ ३९८ मायक्रोसेकंद आला. त्यावर वीस टक्के चढवून आणि आकडा वर गोल करून ५०० धरले तर चालेल का? त्याच चिपवर आणखी दोन कामं आहेत: दर ६ मिलिसेकंदाला फीडरचं (१.५ मिलिसेकंद) आणि दर २० मिलिसेकंदाला स्क्रीन व नोंदींचं (३.६ मिलिसेकंद).

मी वीसेक वर्षं वाळूज एमआयडीसीत यंत्रांचे कंट्रोलर बनवतोय. सरळ उत्तर आधी देतो: ५०० कमी पडतील. किती कमी पडतील ते तुम्ही पाठवलेल्या कोडवरूनच निघतं, आणि त्याला दहा लाख फेऱ्या नाही, एक कोरा कागद लागतो.

आधी त्या दहा लाखांचा दरारा उतरवू. दर मिलिसेकंदाला एक फेरी, म्हणजे दहा लाख फेऱ्या एक हजार सेकंदांत संपल्या. सतरा मिनिटंसुद्धा भरली नाहीत. सीझनमध्ये मिल दिवसरात्र चालते. सतरा मिनिटांत जे दिसलं नाही ते सतरा तासांत दिसणार नाही, असं ३९८ हा आकडा कुठंच म्हणत नाही. त्या सतरा मिनिटांत, त्या टेबलावर, त्या डाळीवर एवढा वेळ लागला, इतकंच तो सांगतो.

आणि डाळ कुठली होती? तुम्हीच लिहिलंय, ‘चाचणीला घरचीच डाळ वापरली’. खरी मेख तिथं आहे.

तुमच्या कोडमध्ये दर खराब दाण्यामागे लूपची एक फेरी आहे: नोझलचा नंबर काढायचा, दाणा नोझलसमोर पोचायला किती वेळ लागेल ते काढायचं, यादीत नोंद करायची. तुमच्याच मोजणीनं ही फेरी ९ मायक्रोसेकंदांची आहे, आणि बाकीचं काम २९० चं. ३९८ मधून २९० गेले, उरले १०८. बरोबर १२ फेऱ्या. म्हणजे सतरा मिनिटांत एका ओळीत फार तर १२ खराब दाणे आले. घरच्या निवडलेल्या डाळीत ते तरी कुठून आले, कोण जाणे!

आता काढणीच्या वेळी अवकाळीत भिजलेली तूर मोंढ्यावर येते आणि तीच भरडून तुमच्या यंत्रात पडते, असं समजा. ६४ च्या ६४ नोझलसमोर एकाच वेळी खराब दाणा येऊ शकतो. २९० अधिक ६४ गुणिले ९, म्हणजे ८६६ मायक्रोसेकंद. तुमच्या वीस टक्क्यांनी त्यातलं फारसं काही झाकलं जात नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं: यंत्राची गरज ज्या दिवशी सगळ्यात जास्त, त्याच दिवशी ते उशीर करणार. दाणा अर्धा मीटर मोकळा पडला की त्याचा वेग सेकंदाला साधारण ३ मीटर होतो. एक मिलिसेकंद उशीर म्हणजे ३ मिलिमीटर. हवेचा फटका बसतो तो मागून येणाऱ्या चांगल्या दाण्याला, आणि काळा दाणा आरामात पोत्यात जातो.

ते २९० तरी ठरीव आहेत का? तेही नाहीत. त्यात दिव्याच्या उजेडाचं रीडिंग गुळगुळीत करायला नऊ रीडिंगचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधला येणारा आकडा) काढलाय, आणि क्रम लावायला इन्सर्शन सॉर्ट, म्हणजे एकेक आकडा मागच्यांशी ताडून जागेवर सरकवायची पद्धत. रीडिंग हळूहळू चढत असेल तर नऊ आकडे आधीच क्रमानं लागलेले असतात, तुलना होतात फक्त ८. रीडिंग उतरत असेल तर ओळ नेमकी उलटी, तुलना ३६. तोच कोड, तीच चिप, आणि साडेचारपट काम. चाचणीच्या वेळी दिव्याचं रीडिंग चढत होतं, उतरत होतं की स्थिर होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा कुणी पाहिलंच नसेल. आम्हीही पाहत नव्हतो.

म्हणून ‘प्रोग्रॅमला किती वेळ लागतो’ हा प्रश्न मी दोन प्रश्नांत फोडतो. कुठल्या इनपुटला कोड कुठल्या वाटेनं जाईल, हा पहिला. त्या वाटेवरच्या सूचनांना ही चिप किती वेळ घेईल, हा दुसरा. कॉलेजात आपण फक्त दुसरा शिकतो, आणि तोही ८०५१ या जुन्या चिपवर. तिथं सगळं कसं ठणठणीत होतं: १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, १२ क्लॉकचं एक मशीन सायकल, म्हणजे एक मायक्रोसेकंद. लूप फिरवणाऱ्या डीजेएनझेड सूचनेला दोन सायकल, गुणाकार-भागाकाराला चार. व्हायव्हाच्या आदल्या रात्री डिले लूप मोजला नाही असा इलेक्ट्रॉनिक्सचा पोरगा आमच्या पिढीत सापडणार नाही. मागं काय चाललं होतं, पुढं काय चालणार आहे, याचं त्या चिपला सोयरसुतक नव्हतं. सूचना तीच, वेळ तोच.

तुमच्या चिपला मात्र आठवण असते. १६८ मेगाहर्ट्झवर फ्लॅश मेमरी तिच्या वेगाला पुरी पडत नाही, दर वाचनाला पाच वेट स्टेट, म्हणजे नुसत्या थांबण्याच्या पाच सायकल, लागतात. ते झाकायला सूचनांची एक छोटी कॅश मेमरी दिलेली असते: १२८ बिटांच्या ६४ ओळी, एकूण एक किलोबाइट. लूप त्यात मावला की दुसऱ्या फेरीपासून सुसाट. पण तुम्ही एकच फंक्शन टेबलावर लाखो वेळा फिरवता तेव्हा ते कायम तापलेल्या तव्यावर असतं. प्रत्यक्षात दोन फेऱ्यांच्या मध्ये फीडरचं काम येतं, स्क्रीनचं येतं, ती आपला कोड त्या एक किलोबाइटमध्ये भरतात आणि तुमच्या फंक्शनचा तवा पुन्हा थंड. भागाकाराची सूचनासुद्धा आकड्यांप्रमाणे २ ते १२ सायकल घेते. त्यामुळे माझा नियम असा, की एकटं चालवून मोजलेला वेळ मी जमेत धरत नाही. मोजायच्या आधी कॅश मुद्दाम रिकामी करतो, नाहीतर बंदच ठेवतो.

मोठ्या प्रोसेसरवर तर याहून विचित्र प्रकार चालतात. सूचना क्रम सोडून चालवणाऱ्या प्रोसेसरवर एका ठिकाणी कॅशमध्ये हवं ते सापडलं म्हणून एकूण वेळ उलट वाढू शकतो. लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रोम यांनी १९९९ मध्ये हे दाखवून दिलं. दर पायरीला वाईटात वाईट धरलं की बेरीजही वाईटात वाईट येईल, हा भरवसा तिथं संपतो. तुमच्या चिपमधला कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर त्या मानानं साधा आहे, देवाचे आभार माना. मुदत चुकूच नये अशा कामाला मी अजूनही साधी चिप निवडतो, आणि त्यावरून तरुण मंडळींची बोलणी खातो.

पहिला प्रश्न वाटांचा. कुठलाही प्रोग्रॅम घ्या आणि तो थांबेल का ते यांत्रिक रीतीनं सांगा, हे सगळ्या प्रोग्रॅमांसाठी करता येत नाही. ट्युरिंगनं १९३६ मध्येच ते सिद्ध केलं. पण आपल्याला सगळे प्रोग्रॅम कुठं हवेत? आपल्याला आपला एक हवाय, आणि तो आपणच लिहिणार आहोत. दर लूपला वरची मर्यादा लिहून ठेवली, रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) टाळलं, फंक्शन पॉइंटर (कुठलं फंक्शन चालवायचं ते चालताना ठरवणं) मोजके ठेवले, की उत्तर निघतं. तुमच्या लूपची मर्यादा ६४. हा आकडा कोडमध्ये कुठंच नव्हता. तिथं ‘जितके खराब दाणे’ असं होतं. यंत्राच्या पुढच्या पट्टीवर नोझल मोजल्या की तो सापडतो.

वाटा एकेक करून मोजायला जाऊ नका. एकामागे एक वीस if असले तर वाटा होतात १०,४८,५७६. तुमच्या दहा लाख फेऱ्या दर वाटेवर एकदा पाऊल टाकायलाही पुऱ्या पडत नाहीत. यावर ली आणि मलिक यांनी १९९५ मध्ये मांडलेली युक्ती अजून सगळीकडे वापरतात. वाटा मोजायच्याच नाहीत. कोडचे सरळ तुकडे पाडायचे आणि दर तुकडा किती वेळा चालेल त्याला एक अज्ञात संख्या मानायची. तुकड्यात जितक्या वेळा शिरलो तितक्याच वेळा बाहेर पडलो पाहिजे, पाटाच्या पाण्यासारखं. लूपची मर्यादा हे आणखी एक बंधन. मग दर तुकड्याचा वेळ गुणिले त्याची संख्या, या बेरजेची कमाल काढायची. हे सरळ इंटिजर लिनियर प्रोग्रॅमिंग झालं, संगणक ते क्षणात सोडवतो. जर्मनीतल्या सारब्रुकेनच्या ॲबसइंट कंपनीचं एआयटी हे हत्यार असंच काम करतं, आणि कॅश व पाइपलाइनचा हिशेबही कोड न चालवता आधी लावून देतं. एअरबसनं ए३८० च्या सॉफ्टवेअरसाठी ते वापरलंय. विमानाला ते परवडतं. आमच्या कारखानदारांना त्याच्या लायसन्सचा खर्च सांगितला की ते चहा मागवतात आणि विषय बदलतात.

म्हणून वाळूज-चिकलठाण्यात आमच्यासारखे लोक मधला मार्ग धरतात: तुकडे मोजायचे यंत्रावर, जोडायचे कागदावर. अख्ख्या कामाची कमाल मोजायची नाही, कारण ती वाट चाचणीत येईलच असं नाही. एकेका तुकड्याची कमाल मोजायची, कारण छोट्या तुकड्याला त्याच्या वाईट वाटेवर मुद्दाम ढकलता येतं. नंतर लूपच्या मर्यादा लावून बेरीज करायची. वर २९० आणि ९ वरून ८६६ काढले ते याच पद्धतीनं.

मोजायला तुमच्या चिपमध्ये सायकल मोजणारा काउंटर आहे, डीबगसाठीच्या डीडब्ल्यूटी भागातला सायककाउंट. आधी डीबग रजिस्टरमधला ट्रेस चालू करणारा बिट लावावा लागतो, नाहीतर तो शून्यावरच बसून राहतो आणि तासभर जातो. ३२ बिटांचा असल्यामुळे १६८ मेगाहर्ट्झवर साडेपंचवीस सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. अनसाइन्ड वजाबाकी केली तर त्याची काळजी नको. आधी रिकामी मोजणी करून काउंटर वाचण्याचाच वेळ वजा करा. तुकड्याचा स्वतःचा वेळ मोजताना इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून दुसरं सुरू करणारे इशारे) बंद ठेवा, इतरांचा त्रास पुढं वेगळा धरायचाच आहे. आणि जी बिल्ड मिलमध्ये जाणार तीच मोजा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून मोजलेला आकडा कमाल म्हणून देणारे मी पाहिलेत, आणि चालू करून मोजलेला आकडा डीबग बिल्ड पाठवताना देणारेही. शेवटी एक पिन चढवून-उतरवून ऑसिलोस्कोपवर ताडून बघा. काउंटरवर माझा विश्वास आहे, स्कोपवर जास्त.

आता आमची एक फजिती सांगतो, कारण तुमच्या ‘नोंदींचं काम’ या शब्दांनी मला तीच आठवली. पाकिटं भरण्याच्या एका यंत्राचा कंट्रोलर आम्ही केला होता, याच जातीच्या चिपवर. फिल्म मिनिटाला २४ मीटर पळते, मिनिटाला १२० पाकिटं, फिल्मवरच्या खुणेवर बरोबर कटर पडला पाहिजे. आमच्या टेबलावर सगळं झकास. बसवल्यावर महिनाभरात ऑपरेटरचा फोन: “सायेब, तुमची मशीन आठ-नऊ दिसाला एकदा येडी व्हायली. एक-दोन पाकिटं भलतीकडंच कापती अन् पुन्हा जशीच्या तशी चालायली.” आम्ही व्होल्टेज पाहिलं, अर्थिंग पाहिलं, सेन्सर पुसले, केबल बदलली. त्या भल्या माणसानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर वेळेला पेन्सिलीनं गोल केला होता. गोल जवळजवळ सारख्या अंतरावर होते. व्होल्टेजचा बिघाड असा कॅलेंडर पाहून येत नाही.

झालं होतं असं. दर ५०० पाकिटांना उत्पादनाचा आकडा आम्ही फ्लॅशमध्ये लिहीत होतो, आठ बाइटची एक नोंद. १६ किलोबाइटचा विभाग २०४८ नोंदींनी भरतो, म्हणजे १०,२४,००० पाकिटांनी. मिनिटाला १२० या हिशेबानं साधारण १४२ तास, दोन पाळ्यांत नऊ दिवस. विभाग भरला की तो पुसावा लागतो, आणि पुसायला पाव ते अर्धा सेकंद लागतो. तोवर त्याच फ्लॅशमधून कोड वाचणारी चिप जागच्या जागी थिजते, इंटरप्टसुद्धा चालत नाही. पाव सेकंदात फिल्म १० सेंटीमीटर पुढं गेलेली. हे सगळं चिपच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. आम्ही फ्लॅशमध्ये लिहायचं कसं ते पान वाचलं, पुसायला वेळ किती ते पान वाचलं नाही. टेबलावर दहा लाख पाकिटं आम्ही कधी चालवलीच नव्हती. चालवली असती तरी ती एक फेरी आम्ही ‘काहीतरी गडबड’ म्हणून मोजणीतून काढून टाकली असती, हेही कबूल करतो.

एक-एक शब्द लिहिण्यालाही साधारण १६ मायक्रोसेकंद लागतात, वाईटात वाईट १००. तेवढा वेळही फ्लॅशमधला कोड अडतो. तुमच्या ३.६ मिलिसेकंदांच्या कामात हे लपलेलं आहे का ते आज बघा. असेल तर बाहेरची एफआरएएम (लिहिण्याआधी पुसावी न लागणारी मेमरी) लावा, पैसे जास्त जात नाहीत. घाईचा कोड रॅममधून चालवायचा विचार असेल तर एक खड्डा सांगून ठेवतो: या चिपची ६४ किलोबाइटची सीसीएम रॅम फक्त डेटासाठी आहे, तिथून कोड चालत नाही. साध्या रॅममध्ये ठेवा.

आता तीन कामांचा हिशेब. एका कामाचा स्वतःचा वेळ आणि ते पुरं व्हायला लागणारा वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. मिलला दुसरीच दिसते. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दिलेली कसोटी सगळ्यांना पाठ असते: कमी पिरियडच्या कामाला वरचा अग्रक्रम दिला आणि तीन कामांचा एकूण भार (दर कामाचा वेळ भागिले त्याचा पिरियड, यांची बेरीज) ०.७८० च्या आत असला, तर मुदती पाळल्या जातात. तुमच्या मोजणीनं भार ०.४ + ०.२५ + ०.१८ = ०.८३. कसोटी नापास. पण नापास म्हणजे मुदत चुकलीच असं नाही, या कसोटीला एवढंच सांगता येतं. नेमकं उत्तर काढायची रीत मॅथाई जोसेफ आणि परितोष पांड्या यांनी १९८६ मध्ये दिली. दोघांचंही नाव मुंबईच्या टीआयएफआरशी जोडलेलं, आणि जोसेफ पुढं पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. आपल्याकडच्या वर्गात ही रीत शिकवताना त्यांची नावं फारशी घेत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रीत साधी आहे. सगळी कामं एकदम सुरू झाली असं धरा. स्क्रीनच्या कामाचे स्वतःचे ३.६, त्यावर वरच्या दोन्ही कामांची एकेक फेरी, ०.४ आणि १.५. झाले ५.५ मिलिसेकंद. पण ५.५ मिलिसेकंदांत नोझलचं काम एकदा नाही, सहा वेळा येतं. पुन्हा बेरीज: ३.६ + २.४ + १.५ = ७.५. आता ७.५ मध्ये नोझल आठ वेळा, फीडर दोन वेळा: ९.८. पुढं १०.६, मग ११.०, आणि पुन्हा केलं तरी ११.०. आकडा हलायचा थांबला की तेच उत्तर. ३.६ मिलिसेकंदांचं काम ११ मिलिसेकंदांनी पुरं होतं, मुदत २० ची, बसलं.

हाच हिशेब नोझलला ०.५ धरून करा. मी केला: १६.६ येतात. वरच्या कामाचा वेळ ०.१ मिलिसेकंदानं वाढला आणि खालच्याचा ५.६ नं. कागदावर न करता हे कुणाच्या लक्षात येत नाही. वरच्या कामातली कवडीची चूक खालच्या कामाला रुपयाला पडते. तरीही १६.६ हे २० च्या आत आहेत. म्हणजे ५०० हा आकडा खरा असता, तर तुमचं यंत्र बसलं असतं.

८६६ धरले तर? ०.८६६ + ०.२५ + ०.१८ म्हणजे १.२९६, एकापेक्षा जास्त. फीडरच्या वाट्याला दर मिलिसेकंदात उरतात ०.१३४. त्याचं दीड मिलिसेकंदाचं काम पुरं व्हायला अकराच्या वर जातील आणि मुदत सहाची आहे.

इथं तुमच्या बाजूनंही एक बोलतो. दर मिलिसेकंदाला ६४ नवे खराब दाणे, हे जरा अतिच झालं. सेकंदाला ३ मीटरनं पडणारा ५ मिलिमीटरचा दाणा एका जागेवरून सरकायला साधारण १.७ मिलिसेकंद घेतो. दाण्याला दाणा चिकटून आला तरी दर मिलिसेकंदाला सरासरी ३८ च्या वर नवे दाणे येत नाहीत. एखाद्या फेरीत ६४ येतील, ओळीनं दर फेरीत येणार नाहीत. वाईटात वाईट धरताना भौतिकशास्त्राला सोडू नये, नाहीतर गरज नसताना दुप्पट किमतीची चिप घ्यावी लागते. तर सरासरी २९० + ३८ गुणिले ९ = ६३२. एकूण भार १.०६२. थोडा का होईना, एकाच्या वर. भिजलेल्या मालावर तुमचं यंत्र मागं पडत जाणार.

उपाय चिप बदलण्याचा नाही, लूप काढून टाकण्याचा आहे. सगळ्या नोझल एकाच उंचीवर आहेत, दाणे सारख्याच वेळात खाली पोचतात. मग दर दाण्यामागे वेळ कशाला काढताय? एक गोल रांग करा, तिच्यातलं एक घर म्हणजे एक मिलिसेकंद, आणि घरात ६४ बिट. कॅमेऱ्याच्या चिपकडून ‘या ओळीत कुठं कुठं खराब’ हे ६४ बिटांत सरळ घ्या आणि ठरलेली घरं सोडून पुढच्या घरात ओआर करा, म्हणजे आधी चढलेले बिट तसेच ठेवून नवे चढवा, ३२ बिटांचे दोन ओआर. नोझल तीन मिलिसेकंद उघडी ठेवायची तर लागोपाठ तीन घरांत, सहा ओआर. दर मिलिसेकंदाला समोरचं घर नोझलकडे पाठवा आणि पुसून टाका. खराब दाणा एक असो की चौसष्ट, वेळ तोच. नऊ रीडिंगच्या मध्यकालाही तसंच करा, ठरीव तुलनांचं सॉर्टिंग नेटवर्क वापरा. चांगल्या मालावर ते थोडं सावकाश चालेल. चालू दे. मला सरासरी कमी असलेला कोड नकोय, कमाल सांगता येणारा हवाय.

जाता जाता तीन-चार गोष्टी. तुमच्या कोडमध्ये एका ठिकाणी वर्गमूळ डबलमध्ये काढलंय. या चिपचं हार्डवेअर फक्त सिंगल प्रिसिजनचं आहे, डबल सगळं सॉफ्टवेअरनं होतं. साधी फ्लोटची आवृत्ती वापरा, ती सूचना १४ सायकलची आहे. इंटरप्टमध्ये प्रिंटएफ (मजकूर छापणं) आणि मॅलॉक (चालताना मेमरी मागणं) नको, हे सांगायची गरज नसावी पण दरवर्षी सांगावं लागतं. स्क्रीन आणि नोझल एकाच एसपीआय बसवर (चिपपासून निघणाऱ्या डेटाच्या सामाईक तारांवर) असतील तर वरच्या हिशेबात एक आकडा वाढतो: खालच्या कामानं बस धरून ठेवलेली असताना वरच्याला किती थांबावं लागेल तो. एकेरी लाइनवर वाढलेल्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांना क्रॉसिंग समजावून सांगावं लागत नाही. मालगाडी पुढच्या सेक्शनात शिरली असेल तर एक्सप्रेसही उभीच राहते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान अशाच अडवणुकीमुळे पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, आणि प्रायॉरिटी इनहेरिटन्स (अडवून बसलेल्या खालच्या कामाला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम देणं) चालू केल्यावर सुधारलं. तुमच्याकडं सोपा उपाय आहे, दोन बस वेगळ्या करा.

कुणीतरी तुम्हाला रास्पबेरी पायवर लिनक्स घ्या, आता रिअल-टाइम पॅच मूळ कर्नलमध्येच आलाय, असं सुचवलंय. आलाय हे खरं, २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून. त्यानं तुमचं काम सुरू व्हायचा उशीर आटोक्यात येतो. सुरू झाल्यावर चार कोअर एकाच मेमरीवर तुटून पडले की किती वेळ लागेल, याचं उत्तर त्यात नाही. स्क्रीन हवी तर पायवर ठेवा, नोझल नको.

आणि सगळं करून झाल्यावरही मुदत चुकली तर काय करायचं, ते आजच ठरवा. उशीर झालेला फटका मारायचा की सोडून द्यायचा? मी सोडून देईन. उशिरा मारला तर काळा दाणा जातोच, वर चांगला उडतो. पण हा निर्णय तुमचा-माझा नाही, मिलमालकाला विचारा, डाळ त्यांची आहे. चुकलेल्या मुदतींचा काउंटर आणि आजवरचा सगळ्यात मोठा वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवा, म्हणजे तिथल्या ऑपरेटरला कॅलेंडरवर गोल करत बसावं लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात दोन कामं करा. मोंढ्यावरून सगळ्यात खराब, भिजलेल्या मालाचं एक पोतं आणून भरडून घ्या आणि त्यावर यंत्र अख्खी पाळी चालवा. दुसरं, कॅमेऱ्याच्या जागी एक खोटा इनपुट जोडा, दर मिलिसेकंदाला ६४ च्या ६४ बिट चढवणारा, आणि दिव्याचं रीडिंग एकदा चढतं, एकदा उतरतं ठेवून मोजा. कॅश बंद. दोन्हीचे आकडे, आणि तीन कामांचा नवा हिशेब, इथंच टाका.